शब्दचर्चा: ‘परीक्षा’ की ‘मोह’? आणि त्यापुढचा ‘धीर’

टाक
उपवासकाळासाठीच्या एका मननपुस्तिकेचा मराठी अनुवाद चालू आहे. विषय बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय, आणि गाडी एकाच शब्दावर अडली आहे. ग्रीकमध्ये ‘पैरास्मोस’ हे नाम दुसऱ्या आणि बाराव्या वचनात येतं, तेराव्या-चौदाव्यात त्याच धातूचं क्रियापद ‘पैराझो’ येतं. मराठीत आपण दुसऱ्या वचनात ‘परीक्षा’ म्हणतो आणि तेराव्यात ‘मोहात घालणे’. पुस्तिकेच्या लेखकाचं सगळं म्हणणं मात्र शब्द एकच आहे यावर उभं आहे. बाहेरून आलेलं संकट आणि आतून उठलेली ओढ, दोन्हींना याकोब एकाच नावाने हाक मारतो. दोन शब्द ठेवले तर हे मराठीत पोचत नाही. एकच ठेवायचा तर कोणता?

दुसरा प्रश्न तिसऱ्या वचनातल्या ‘हुपोमोने’चा. मसुद्यात ‘धीर’ होतं, तपासणीत ते खोडून ‘सहनशीलता’ केलं गेलं. योग्य काय?

नेमका
दोन शब्दच ठेवा. उत्पत्ती २२:१ मध्ये देव अब्राहामाची परीक्षा पाहतो, मोरियाच्या डोंगरावर मुलाचा, इसहाकाचा, बळी मागतो. तिथे हिब्रूत ‘नासा’ आहे आणि सेप्टुआजिंटने (जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतराने) त्यासाठी हेच ‘पैराझो’ वापरलं आहे. आता याकोब १:१३ ला ‘देव कोणाचीही परीक्षा पाहत नाही’ असं छापलंत तर वाचक उत्पत्ती उघडून विचारेल, मग मोरियाच्या डोंगरावर काय झालं? ‘मोहात घालत नाही’ म्हटलं की गाठ सुटते. जुन्या अनुवादकांनी हे उगाच केलेलं नाही.

कोरांटी
गाठ सुटत नाही, फक्त दिसेनाशी होते. सेप्टुआजिंट वाचणाऱ्या पहिल्या शतकातल्या माणसापुढे ती होतीच, आणि याकोबालाही ठाऊक होती. त्याच पत्रात २:२१ ला तो इसहाकाला वेदीवर ठेवल्याचा दाखला देतो.

मत्तय ४ शब्द धरून वाचा. पहिल्या वचनात आत्मा येशूला रानात नेतो, ते सैतानाने ‘पैराझो’ करावं म्हणून. तिसऱ्यात सैतानाचं नावच त्या धातूवरून आलेलं. सातव्यात येशू जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं ६:१६ ऐकवतो, तिथेही तेच क्रियापद, फक्त ‘एक्’ उपसर्ग लागलेलं. ‘मोह’ निवडलात तर सातव्या वचनात ‘आपल्या देवाला मोहात घालू नको’ असं लिहावं लागेल, आणि ते वाक्यच उभं राहत नाही. ‘परीक्षा’ तिन्ही ठिकाणी चालते. एक अडचण कबूल करते: ‘परीक्षक’ म्हटलं की उत्तरपत्रिका तपासणारा डोळ्यांपुढे येतो, आणि विद्यार्थी उत्तीर्ण व्हावा अशीच त्याची इच्छा असते. सैतानाची तशी नसते.

आणि पहिलं वचन पुन्हा बघा. नेणारा देवाचा आत्मा, घेरणारा सैतान, प्रसंग एकच. एका बाजूने परीक्षा, दुसऱ्या बाजूने मोह. पुस्तिकेचा लेखक हेच म्हणतोय ना?

दवणा
‘मोह’ला माझी हरकत वेगळ्या कारणाने आहे. संस्कृतात ‘मुह्’ म्हणजे भान हरपणं. षड्रिपूंत लोभ वेगळा आणि मोह वेगळा, तो याच अर्थाने. रोजच्या मराठीत मात्र ‘मोह आवरला नाही’ हे बहुतेक वेळा निरुपद्रवी हौसेबद्दल म्हटलं जातं. पापाच्या उंबरठ्यावरची ओढ इतक्या मऊ शब्दात मावत नाही.

चौदाव्या वचनाबद्दलही बोलायला हवं. याकोब तिथे दोन क्रियापदं ठेवतो. ‘एक्सेल्को’ म्हणजे ओढून बाहेर काढणे. ‘देलेआझो’ म्हणजे आमिषाने पकडणे. ‘देलेआर’ हे आमिषाचंच नाव. मासा कपारीतून बाहेर येतो आणि मग गळाला लागतो, असं ते चित्र आहे. आपल्या ‘भुलवला जातो’मध्ये गळच हरवला. ‘आपल्याच वासनेने बाहेर ओढला जातो आणि आमिषाला लागतो’ असं करून बघा. ‘आमिष’चा मूळ अर्थ मांस, त्यामुळे चित्र पुरं होतं. ‘प्रलोभन’ नको, बातम्यांत तो फार झिजला आहे.

ओसरी
शब्दावरून आचरण बदलतं, म्हणून एवढा खल करायचा. मोह असेल तर पळायचं: १ करिंथ ६:१८ आणि १०:१४ या दोन्ही ठिकाणी पौल ‘पळा’ असंच सांगतो. परीक्षा असेल तर जागा सोडायची नाही. १०:१३ ला तो दोन्ही एका वाक्यात बांधतो. देव ‘एक्बासिस’, म्हणजे बाहेर पडायची वाट, देतो. आणि ती कशासाठी, तर ‘हुपोफेरो’ करता यावं म्हणून, म्हणजे ओझ्याखाली राहून ते पेलता यावं म्हणून.

चूक होते ती अदलाबदलीत. लंपटपणासमोर ‘टिकून दाखवतो’ म्हणत थांबणारा पडतो, कारण तिथे थांबणं हीच पहिली संमती ठरते. उलट, लांबलेलं आजारपण किंवा छळ यांच्यापासून मनाने पळत राहणारा कडवट होतो आणि प्रार्थनाही सोडतो. म्हणून माझं मत: शब्द कोणताही ठेवा, पण एकच ठेवलात तर ‘इथे पळा, इथे थांबा’ हे सांगणारी तळटीप हवीच.

कोरांटी
येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतही हाच पेच आहे. प्रोटेस्टंट घरांत ‘परीक्षेत आणू नको’, कॅथलिक मिस्सामध्ये ‘मोहात पडू देऊ नकोस’. मूळ क्रियापद ‘एइस्फेरो’, आत नेणे. कॅथलिक चर्चचा धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद २८४६) म्हणतो की त्या ग्रीक शब्दात ‘आत शिरू देऊ नकोस’ आणि ‘बळी पडू देऊ नकोस’ हे दोन्ही आहे. फ्रेंच प्रार्थना डिसेंबर २०१७ पासून बदलली, इटालियन २०२० मध्ये. मराठी कॅथलिक पाठाला ‘पडू देऊ’मुळे ती दुरुस्ती लागलीच नाही.

नेमका
पण म्हणजे अनुवादात भाष्य घुसलं. ‘आणू नको’ हे कानाला खुपतं, कारण मूळही खुपतं. प्रार्थनेने खुपावं, अर्थ प्रवचनात सांगावा.

टाक
दुसऱ्या प्रश्नावर कोणी बोलेल का? ‘सहनशीलता’ की ‘धीर’?

वाळा
‘सहनशीलता’ तिथे चूक आहे. नव्या करारात दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. ‘हुपोमोने’: ‘हुपो’ म्हणजे खाली, ‘मेनो’ म्हणजे राहणे. ‘माक्रोथुमिया’: ‘माक्रोस’ म्हणजे लांब, ‘थुमोस’ म्हणजे संताप; ज्याचा राग उशिरा पेटतो त्याचा गुण. गलती ५:२२ मधल्या आत्म्याच्या फळात दुसरा आहे, आणि तिथे आपण ‘सहनशीलता’ म्हणतो. तोच शब्द याकोब १:३ ला आणलात तर दोन्ही एक होतील.

ढोबळ नियम असा: माणसं छळतात तेव्हा माक्रोथुमिया, परिस्थिती छळते तेव्हा हुपोमोने. पण नियमावर फार विसंबू नका. याकोब ५:७ मधला शेतकरी पहिल्या आणि शेवटल्या पावसाची वाट पाहतो, तिथे समोर माणूस नसून जमीन आहे, तरी क्रियापद माक्रोथुमियाचंच आहे. चारच वचनांनंतर, ५:११ ला, जुन्या करारातल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचं नाव येतं आणि तिथे हुपोमोने. म्हणून ‘सोशिकपणा’ही बसत नाही. ईयोब मुकाट सोसत नाही. त्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायापासून एकतिसाव्यापर्यंत तो मित्रांशी आणि देवाशी भांडतो, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. तो करत नाही ती एकच गोष्ट, देवाकडे पाठ फिरवणं. याकोबाला ते ‘खाली राहणं’ अभिप्रेत आहे.

पाटी
मग ‘सबुरी’ का नको? अर्थ पोचतो, शब्द घरोघरी आहे.

नेमका
फारसीतून आलेला शब्द पवित्र शास्त्रात? ‘धैर्य’ असताना?

पाटी
अरबी बायबलात ईयोबाच्या याच गुणासाठी ‘सब्र’ आहे, आणि सबुरी त्याचीच लेक. शब्द मशिदीजवळून आला की देवळाजवळून, यावर शास्त्राचा अर्थ ठरत नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं, १९२४ मध्ये छापून पूर्ण झालेलं भाषांतर बघा. संस्कृतप्रचुर शब्द टाळायचे, न शिकलेल्या बाईलाही कळलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आणि त्या स्वतः संस्कृतच्या पंडिता. ‘धैर्य’ आज शौर्याच्या शेजारी जाऊन बसलंय, ते कसं चालेल?

वाळा
पाटी, मूळ कोणतं यावर माझा आक्षेप नाही, छटेवर आहे. ‘जरा सबुरीने घ्या’ म्हणजे घाई करू नका. त्यात वाट पाहणं आहे, पाठीवर ओझं नाही. शेतकऱ्याच्या वचनाला सबुरी फार सुंदर बसेल. ईयोबाला नाही.

नेमका
‘धीर’बद्दल एक नोंद. संस्कृतात दोन ‘धीर’ आहेत: एक ‘धी’वरून, अर्थ शहाणा, दुसरा ‘धृ’वरून, अर्थ अढळ. दोन्ही विशेषणं, नाम ‘धैर्य’. मराठीने विशेषणाचंच नाम केलं आणि मग त्यात सगळं कोंबलं. ‘बोलायचा धीर झाला नाही’ यात धाडस, ‘धीर दिला’ यात आधार, ‘धीर धर’ यात थांबणं. इतका सैल शब्द व्याख्येच्या वाक्यात कसा ठेवणार?

दवणा
सैल असला तरी ‘धीर सुटला’ आणि ‘धीर खचला’ हे दोन प्रयोग फक्त त्याच्याकडे आहेत, आणि हुपोमोने संपते तेव्हा नेमकं हेच होतं. ‘सहनशीलता खचली’ कोणी म्हणत नाही.

ओसरी
पुस्तिका मननाची आहे, तर मोहाच्या पायऱ्यांना मराठी शब्द आत्ताच ठरवा, पुढे लागतील. सातव्या शतकातले सिनायचे मठाधिपती योहान क्लिमाकस यांनी आपल्या ‘शिडी’ या ग्रंथाच्या पंधराव्या पायरीत (प्रकरणात) सहा टप्पे वेगळे केले आहेत. मी असे शब्द सुचवेन: चाहूल (विचार येऊन धडकतो), गुजगोष्ट (त्याच्याशी बोलणं सुरू होतं), रुकार, बंदिवास, झुंज, विकार. चाहुलीत पाप नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे. बिनसतं ते दोन ठिकाणी. एक, चाहूल लागली म्हणजेच आपण पडलो असं मानून माणूस निराश होतो आणि मग खरंच पडतो. दोन, चाहुलीला लांबलचक उत्तर देत बसतो, म्हणजे गुजगोष्ट सुरू झालीच. रानात येशूची तिन्ही उत्तरं एकेका वाक्याची आहेत, तिन्ही ‘अनुवाद’च्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली.

आणि ‘खाली राहण्या’ची कृती हवी असेल तर जेसुइट संघाचे संस्थापक लोयोलाच्या इग्नातियसांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात दोन सूचना आहेत. मन कोरडं पडलं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. आणि तासाभराची प्रार्थना आवरती घ्यावीशी वाटली तर तास भरल्यावर थोडं जास्तच थांबावं. शिवाय एकच दोष निवडून सकाळी निश्चय, दुपारच्या जेवणानंतर एकदा आणि रात्रीच्या जेवणानंतर एकदा तासातासाचा आढावा. प्रत्येक चुकीला रेषेवर एक टिंब. दिवसाच्या दोन रेषा, दुसरी पहिलीशी ताडून बघायची, मग दिवस दिवसाशी, आठवडा आठवड्याशी.

कोरांटी
‘रुकार’ फार चांगला. ‘गुजगोष्ट’ मात्र जिव्हाळ्याचा शब्द आहे, इथे नको.

ओसरी
जिव्हाळा आहे म्हणूनच हवा. धोका तिथेच आहे.

टाक
शब्द टिपून घेतले. पण उद्या पहिलं पान द्यायचं आहे आणि त्यावर अजून ‘परीक्षा/मोह’ असंच लिहिलेलं आहे. आणि ‘धीर’?

वाळा
‘हुपोमोने’ला ‘तग’ का नको? ओझं आहे, काळ आहे, हलायचं नाही हेही आहे. ‘विश्वासाची पारख झाली की तग उत्पन्न होतो.’

नेमका
एकटा ‘तग’ मराठीत उभा राहत नाही. त्याला ‘धरणे’ लागतंच.

दवणा
धीरालाही लागतं.