पावसात टॅबचा टच आपोआप चालतोय, दणकट टॅब सुचवा (अर्जंट)

ऊसनोंद_निपाणी:
साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात आहे, निपाणी भागात. आडसालीच्या (पावसाळ्यात लावायच्या उसाच्या) नोंदी चालू झाल्यात आणि आमच्या चिटबॉय पोरांचे (रानात जाऊन ऊस नोंदवणाऱ्या पोरांचे) टॅब पावसात नुसता धिंगाणा घालालेत. हात न लावता टच होतोय, टॅब घेऊन रान मोजत बांधाबांधानं अर्ध्यावर आलं की आपोआप मागं जाऊन सगळं कॅन्सल. परवा एक पोरगं तेच रान तीनदा फिरलं चिखलातनं आणि रानाचा मालक छत्री धरून हसालता. टॅब १२ आहेत. मिलिटरीवाला, पाण्यात पडला तरी चालणारा कुठला घ्यावा तेवढं सांगा, सोमवारी साहेबांना कोटेशन द्यायचंय.

जांबोटी_पाऊस:
सध्याचा टॅब कुठला, किती जुना, अ‍ॅप ऑफलाइन चालतंय का, बजेट किती? ह्यातलं एक पण लिहिलं नाही तुम्ही.

ऊसनोंद_निपाणी:
साधा ८ इंची, कंपनीचं नाव काढत नाही. बजेट साहेब ठरवणार. अ‍ॅपचा काय संबंध, टच बिघडलाय म्हणालोय की.

खांबावरचा:
डोळे झाकून गॅलॅक्सी टॅब अ‍ॅक्टिव्ह घ्या. मी विजेच्या लाइनच्या कामाला कणकुंबीपर्यंत फिरतो, तिथला पाऊस काय असतोय ते तुम्हा निपाणीकरांना सांगून कळायचं नाही. आयपी ६८ आहे (म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही), पेन मिळतोय, हातमोजे घालून चालतोय, आणि मुख्य म्हणजे बॅटरी हातानं काढून दुसरी घालता येते. पॅनासॉनिकचं टफबुक त्याच्याही वरचं, खरं किंमत बघून साहेब खुर्चीवरनं पडतील.

मोबाईलवाला_चिकोडी:
थांबा हो जरा. "मिलिटरीवाला" म्हणजे काय ते आधी बघा. मिल-एसटीडी-८१० ही अमेरिकी सैन्याची चाचणीची पद्धत आहे, कुणी शिक्का मारून देत नाही, कंपनी स्वतःच टेस्ट करून डब्यावर छापते. पडण्याच्या टेस्टमध्ये १२२ सेंटीमीटरवरनं २६ वेळा टाकतात, ते पण ५ नगांत वाटून टाकायची मुभा, आणि खाली प्लायवूड. तुमचं पोरगं चालत्या गाडीवरनं डांबरावर पाडणार, ते वेगळं. आयपी ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास. जोराच्या धारेची टेस्ट वेगळी असते, ६७ लिहिलंय म्हणून नळाखाली धुवायला जाऊ नका.

खांबावरचा:
अण्णा, मी तीन वर्षं वापरालोय, मला डब्यावरचं वाचायची गरज नाही.

मोबाईलवाला_चिकोडी:
वापरा की, नको कोण म्हणालंय. माझं म्हणणं एवढंच की वॉटरप्रूफ घेतला म्हणून टच सुधारत नाही. पाणी आत जायचं नाही, खरं काचेवरचा थेंब टॅबला बोटासारखाच वाटतोय. त्याला ओल्या हाताचा मोड लागतोय, नाहीतर पेन, नाहीतर बाजूला बटणं. डब्यावर आयपी बघण्यापेक्षा दुकानात काचेवर पाणी शिंपडून बघा.

काठावरचा:
पुरात टॅब बिब काय कामाचा नाही. २०१९ ला आमच्या गावात बोटीवर होतो, लाइट नाही, टॉवर बंद, सगळ्यांचे फोन खिशात मेलेले. दोन वॉकीटॉकी होते त्यावर सगळं चाललं. कल्लोळ-येडूर पूल पाण्याखाली गेला की पलीकडच्या माणसाला टॅब दाखवून काय उपयोग. ह्या टीमना आधी वायरलेस द्या म्हणावं.

जांबोटी_पाऊस:
दाजी, त्यांना ऊस नोंदवायचाय, माणसं बाहेर काढायची नाहीत.

गुंठा_गुंठा:
टच सोडा, मोजणीचं काय? २० गुंठ्याचं चौकोनी रान म्हणजे साधारण ४५ मीटर बाय ४५. चारी बाजूंनी दोन-दोन मीटर बाहेर सरकलं की पावणेचोवीस गुंठे भरतंय! साध्या टॅबचा जीपीएस उघड्यावर पण तीन-चार मीटर इकडंतिकडं करतोय, बांधावर आंब्याचं झाड असलं की विचारूच नका. जीपीएसचे एल१ आणि एल५ दोन्ही सिग्नल घेणारा टॅब घ्या, आणि उताऱ्याशी ताळा केल्याशिवाय नोंद करू नका. उतारा कन्नडमध्ये आणि पोरगं मराठी शाळेतलं, हा आणि एक ताप.

सदलगा_एक्स्प्रेस:
नोंद बरोबर झाली तरी दराचं काय? त्याच्यावर कोण बोलणार?

गुंठा_गुंठा:
घ्या, आले. आता सीमाप्रश्न पण येऊ दे.

सदलगा_एक्स्प्रेस:
येणारच की, हद्दीवर कोगनोळीजवळ गेलं की माझा फोनच महाराष्ट्रात जातोय.

मोबाईलवाला_चिकोडी:
ऊसनोंद दादा, तुम्ही एक सांगा. हे टच आपोआप होणं फक्त पावसात होतंय का? ऑफिसात, कोरड्या टेबलावर, काच पुसून ठेवला तर?

ऊसनोंद_निपाणी:
ऑफिसात पण होतंय चार टॅबचं. बाकी आठ फक्त रानात. आता म्हणाल प्लास्टिकच्या पिशवीत घालताय का, तर हो, खताच्या बॅगेतली आतली पिशवी कापून घालतोय, नाहीतर भिजतोय की.

मोबाईलवाला_चिकोडी:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं मालक!! त्या चार टॅबची बॅटरी दुपारपर्यंत टिकते का? आणि मागचं झाकण बघा, कडेनं नख जातंय का.

ऊसनोंद_निपाणी:
टिकत नाही, सगळी पोरं पॉवर बँक घेऊन फिरालेत. झाकण बघून सांगतो.

ऊसनोंद_निपाणी:
दोघांचं झाकण चांगलंच उचललंय. एकाची स्क्रीन पण कडेनं वर आल्यासारखी दिसायलीय. आम्ही म्हणालतो पावसानं फुगलं.

मोबाईलवाला_चिकोडी:
पावसानं नाही, बॅटरी फुगलीय. आत फुगून स्क्रीनला खालनं दाबालीय म्हणून टच आपोआप. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिक्कीत ठेवत असणार, वर रात्रभर चार्जिंगला. ते चारही टॅब आजच बंद करा, चार्जिंगला लावू नका, झाकण दाबून बसवायचा प्रयत्न तर अजिबात नको, आत फाटली तर पेट घेईल. बॅटरी बदलून मिळतीय का बघा. बाकी आठांची पिशवी काढून काचेला नीट चिकटणारं पाऊच घ्या. तुमच्या पिशवीत आतनं घाम धरतोय, प्लास्टिक काचेवर ओलं होऊन सरकतंय, त्यानंच टच उड्या मारालाय.

खांबावरचा:
म्हणून तर म्हणालतो, बॅटरी निघणारा घ्या.

ऊसनोंद_निपाणी:
मग सोमवारी कोटेशन कसलं देऊ? साहेबांना नवीन टॅब पाहिजेत.

मोबाईलवाला_चिकोडी:
चार बॅटऱ्यांचं आणि आठ पाऊचचं. साहेबांना नवीन पाहिजे असला तर त्यांच्या टेबलाला एक घ्या.

जांबोटी_पाऊस:
पाऊच लावून एक दिवस रानात फिरवा आणि इथं सांगा, तोवर बारा टॅबचं बिल करू नका.

ऊसनोंद_निपाणी:
पोरं आज सौंदलग्याला गेलीत, आल्यावर बघतो. धन्यवाद म्हणायचं राहिलं, धन्यवाद.

नवीनच_आलोय:
मंडळी, ह्याच धाग्यात विचारतो, गाडीच्या हँडलला टॅब बसवायचं ते लोखंडी स्टँड निपाणीत कुठं मिळतंय?