पेंटबॉल मार्करच्या व्हॉल्व्हमधून गॅसगळती: दुरुस्ती करावी की व्हॉल्व्ह बदलावा?

प्रश्न (पाचगणी)
नमस्कार. पाचगणीजवळच्या एका कॅम्पवर पेंटबॉलच्या साहित्याची देखभाल माझ्याकडे आहे. आमचे मार्कर (रंगाच्या गोळ्या झाडणाऱ्या बंदुका) यांत्रिक, ब्लोबॅक पद्धतीचे (गोळी सुटल्यावर गॅसच्याच जोराने पुढच्या गोळीसाठी सज्ज होणारे) असून कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीवर चालतात. त्यांपैकी एकाला बाटली बसवली की गोळी सुटते त्या नळीच्या तोंडातून फुसफुस सुरू होते आणि खेळ संपण्याआधीच बाटली रिकामी होते. बाटलीच्या तोंडाची ओ-रिंग (गॅस अडवणारे गोल कडे) बदलली, तरी फरक पडला नाही. शाळांच्या सहली सुरू होण्याआधी हे काम इथेच करता येईल का?

उत्तर (कुपवाड, सांगली)
गॅस कुठून निसटतो यावरून निम्मे निदान होते. आवाज बाटलीच्या जोडापाशी असेल तर दोष तिथल्या ओ-रिंगचा. तो नळीतून येत असेल तर मुख्य व्हॉल्व्हचे कप सील (गॅस अडवून व्हॉल्व्ह बंद ठेवणारा भाग) नीट बसत नाही. मात्र मार्कर खोलण्यापूर्वी एक खात्री करा. बाटली लावताना मार्कर कॉक केलेला (म्हणजे व्हॉल्व्हवर आदळून तो उघडणारा हॅमर मागे ओढून अडकवलेला) नसेल, तर हॅमर स्प्रिंगच्या जोराने व्हॉल्व्हच्या पिनेवर टेकून राहतो, त्यामुळे व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि सील उत्तम असूनही गॅस नळीतून वाहतो. आधी कॉक करून, सेफ्टी लावून, मगच बाटली फिरवावी.

तरीही गळती थांबली नाही, तर गोळ्या काढून घ्या, बाटली उतरवा, डोळ्यांवर गॉगल ठेवून सुरक्षित दिशेला उरलेला गॅस सोडा आणि मगच स्क्रू काढा. कप सील उजेडात धरून पाहा. चांगल्या सीलवर सीटचा (सील ज्या धातूच्या कडेवर टेकते तिचा) बारीक, अखंड गोल ठसा दिसतो. तो एका बाजूला तुटलेला असेल किंवा त्यात कण रुतलेला असेल, तर तिथूनच गॅस जातो. आपल्याकडच्या पठारांवरची जांभ्याची लाल धूळ या कामी फार त्रासदायक ठरते. धातूची सीट सुती कापडाने पुसावी. तिच्यावर पॉलिश पेपर मुळीच घासू नये, कारण त्याचा प्रत्येक ओरखडा गॅसला नवी वाट करून देतो. सीटवरून नख फिरवल्यावर ते कुठे अडकत नसेल, तर केवळ सील बदलून भागते. अडकत असेल, तर व्हॉल्व्ह बदलणेच योग्य. पिन वाकलेली नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

उत्तर (सातारा)
वरील मताशी मी सहमत आहे. दोन गोष्टी जोडतो. साध्या काळ्या नायट्राइल रबरात कार्बन डायऑक्साइड मुरतो, रबर फुगते आणि दाब एकदम उतरला की त्याला फोड येतात. म्हणून बाटलीच्या तोंडासाठी 015 क्रमांकाची, म्हणजे आतला व्यास 14 मिमी आणि जाडी 1.78 मिमी असलेली, पॉलियुरेथेनची ओ-रिंग मागून घ्यावी.

दुसरी गोष्ट जिवाशी निगडित आहे. 20 अंश सेल्सिअसला या बाटलीत सुमारे 57 बार दाब असतो. बाटली काढताना कधी कधी ती मार्करमधून सुटण्याऐवजी स्वतःच्याच व्हॉल्व्हपासून सुटू लागते, आणि पूर्ण सुटली तर गोळीसारखी उडते. अशा अपघातांत माणसे दगावलेली आहेत. बाटलीची मान आणि तिचा व्हॉल्व्ह या दोन्हींवरून नेलपॉलिशची एक सलग रेघ ओढून ठेवा. फिरवताना ती रेघ तुटलेली दिसली, तर तत्काळ थांबा, सर्वांना दूर करा आणि बाटली जाणकाराकडे सोपवा.

प्रश्नकर्ता (पाचगणी)
आपण दोघांचे मनःपूर्वक आभार. कॉक करूनही गळती थांबली नाही, म्हणून व्हॉल्व्ह काढून पाहिला. सीलच्या कडेत लाल कण रुतलेला आहे, सीट मात्र गुळगुळीत आहे. त्यामुळे फक्त सील मागवले असून, सर्व बाटल्यांवर रेघाही ओढल्या आहेत. नवे सील नीट बसल्याची खात्री कशी करावी?

उत्तर (कुपवाड, सांगली)
नळीला कान लावून ऐकू नका. भरलेली बाटली बारीक वजनकाट्यावर तोलून मार्करला लावा, गोळ्या न भरता, कॉक करून, सेफ्टीवर अर्धा तास नजरेसमोर ठेवा आणि बाटली काढून पुन्हा तोला. काढताना जोडातला थोडा गॅस जातोच, त्यामुळे एक-दोन ग्रॅमचा फरक चालेल. त्याहून बराच अधिक आला, तर व्हॉल्व्हच्या बाहेरच्या ओ-रिंग तपासा.