गोचीड चावली तर उंदराचा काय संबंध? (ताई अमेरिकेत आहे)

केळीवाला_रावेर
मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे पण इथे गुरंवाले पण आहेत आणि जंगलात फिरणारे पण, म्हणून विचारतो. माझी ताई अमेरिकेत कनेटिकटला असते. मागच्या आठवड्यात तिने अंगणातला पालापाचोळा गोळा केला आणि दुसऱ्या दिवशी रात्री आंघोळ करताना गुडघ्याच्या मागे हाताला तीळ लागला, आधी तिथे काही नव्हतं, नीट पाहिलं तर तिळाला पाय. गोचीड! डॉक्टरने डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा एकच डोस दिला, २०० मिलिग्रॅमचा, आणि सांगितलं महिनाभर चट्टा येतो का बघ, लाइम नावाचा आजार होऊ शकतो, तो गोचिडीतून येतो. व्हिडिओ कॉलवर हे ऐकून आईचं रडणं सुरू, आणि आमचे नाना म्हणे काय बाऊ करता एवढ्याचा, बैलांच्या कानातल्या गोचिडी काढण्यात जिंदगी गेली, आम्हालाही चावल्या, काही झालं नाही. ताई म्हणते तिकडे हे उंदरांकडून येतं. आता उंदीर मधेच कुठून आला? आणि तिकडे तिला नाव तर डिअर टिक आहे, म्हणजे हरणाची गोचीड.

बांधावरचा_आप्पा
मग हरणाकडूनच येत असणार ना भाऊ, नावातच आहे. तिला सांग पुन्हा चिकटली तर जळती अगरबत्ती लावायची नाहीतर रॉकेलचा बोळा, आपोआप सुटते. कुत्र्याला आम्ही तेच करतो.

सूक्ष्मदर्शी_जळगाव
आप्पा, रागावू नका पण दोन्ही गोष्टी उलट्या आहेत. चटका दिला की ती सुटायच्या आधी पोटातलं जखमेतच ओकण्याची भीती असते आणि जंतू नेमके पोटात असतात. बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा, कातडीला अगदी लागून तोंडाशी धरायचं, पोट दाबायचं नाही आणि सरळ वर ओढायचं, पिळायचं नाही.

आता उंदीर. मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवतो म्हणून थोडं लांबेल. ही गोचीड म्हणजे इक्सोडिस स्कॅप्युलॅरिस, साधारण दोन वर्षं जगते आणि तेवढ्यात जेवते फक्त तीनदा, दर वेळी वेगळ्या जनावरावर. अंड्यातून निघते तेव्हा सहा पायांची असते आणि *स्वच्छ* असते, आईकडून पिल्लाला लाइमचा जंतू, बोरेलिया, जात नाही. मग तो येतो कुठून, तर पहिल्या जेवणातून, आणि पहिलं जेवण जमिनीलगत जे सापडेल त्याच्यावर, म्हणजे बहुतेक वेळा तिकडचा पांढऱ्या पायांचा उंदीर, चिपमंक नावाची खार, नाहीतर चिचुंद्री. उंदराच्या रक्तात बोरेलिया असेल तर पिल्लू भरलं. उंदीर मात्र ठणठणीत, त्याला काही होत नाही, महिनोन्महिने जंतू घेऊन फिरतो.

मग उंदराला कोणी दिला? इथे गंमत आहे. मे-जूनमध्ये जेवायला बाहेर पडतात गेल्या वर्षीच्या गोचिडी, म्हणजे आता आठ पायांच्या, खसखशीच्या दाण्याएवढ्या, ज्यांना निम्फ म्हणतात. त्या उंदरांना जंतू लावून जातात, आणि ऑगस्टमध्ये नवीन पिल्लं निघतात ती त्याच उंदरांवर जेवायला बसतात. वरच्या वर्गातल्या पोरांनी बाकावर नाव कोरून जावं आणि खालच्या वर्गाला तोच बाक मिळावा तसं. ताईच्या पायाला होती ती बहुतेक निम्फच, माणसाला जास्त करून हीच लावते कारण दिसतच नाही.

आणि हरीण? हरणाच्या रक्तात हा जंतू टिकतच नाही. हरणावर जेवून गोचिडीला लाइम मिळत नाही. पण मोठी मादी हरणावर पोट भरते आणि खाली पडून दोनेक हजार अंडी घालते, म्हणजे हरीण गोचिडी *वाढवतं*, जंतू देतो उंदीर. नाव मात्र हरणाचं झालं.

एकच डोस का ते पण सांगतो. उपाशी गोचिडीत जंतू आतड्यात चिकटून बसलेला असतो, गरम रक्त पोटात आलं की तो वरचं प्रोटीन बदलतो आणि लाळेच्या ग्रंथींकडे निघतो, या प्रवासाला साधारण दीड दिवस लागतो. ताईची गोचीड तेवढा वेळ चिकटलेली असू शकते, म्हणून काढल्यापासून ७२ तासांच्या आत हा डोस. चट्टा तीन ते तीस दिवसांत येऊ शकतो, खाजतोच असं नाही, नुसता पसरत जातो, कधी मधे फिकट आणि कडेला लाल. आला तर फोटो काढून थेट डॉक्टरकडे, मग दहा ते चौदा दिवसांचा कोर्स असतो.

हे आतड्याचं कळलं कसं तर १९७५ च्या सुमारास त्याच कनेटिकटात लाइम नावाच्या गावाकडच्या पोरांचे गुडघे सुजायला लागले, आयांनी पाठपुरावा केला. १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर नावाचे शास्त्रज्ञ भलताच जंतू शोधायला गोचिडींची आतडी कापत होते, त्यात त्यांना हे पिळदार जंतू दिसले. म्हणून बोरेलिया बर्गडॉर्फेरी.

गोठा_चोपडा
नानांचंही चूक नाही. गुरांच्या कासेला, शेपटीखाली, कानात जी राखाडी टपोरी गोचीड असते ती जास्त करून वेगळीच जात, पिल्लू असल्यापासून मोठी होईपर्यंत *त्याच जनावरावर* राहते, तिन्ही जेवणं एकाच ताटात. तिच्या जेवणात उंदीर येतच नाही, मग उंदराचा जंतू तिला मिळणार कुठून. पण म्हणून गरीब समजू नका, ज्याने गुरांची लघवी कॉफीसारखी होते तो बबेसिया नावाचा जंतू हीच पसरवते, आणि तो आईकडून अंड्यात जातो, म्हणजे लाइमच्या बरोबर उलटा कारभार. गेल्या पावसाळ्यात आमच्या बाजूच्याची गाय त्यातच गेली, तीन दिवस नुसतं ताप ताप म्हणत बसले. त्यामुळे नानांना सांगा, उघड्या बोटांनी टचकन फोडायचं बंद करा.

जाता जाता, एरंडीचं शास्त्रीय नाव रिसिनस, लॅटिनमध्ये त्याचा अर्थच गोचीड. बी हातात घेऊन बघा, फुगलेली गोचीडच.

सातपुडा_भटक्या
यावल, तोरणमाळ करणाऱ्यांसाठी: ताईवाली जात उत्तर अमेरिकेतली आहे, आपल्या डोंगरात नाही. पण ‘उंदीर आणि चावणारं बारीक किडूक’ ही जोडी आपल्याकडे पण आहे, स्क्रब टायफस नावाचा ताप. तिथे गोचीड नाही, डोळ्याला न दिसणारा माइट असतो, तोही उंदीर-घुशींच्या अंगावर पोसतो, चावल्या जागी सिगारेटने भाजल्यासारखा काळा डाग पडतो. २०१८ ला नागपूरकडे याचे बरेच पेशंट निघाले होते. आणि गोचिडीतूनच येणारा माकडताप, तो १९५७ ला कर्नाटकात शिमोग्याकडे सापडला आणि नंतर सिंधुदुर्गात दोडामार्गपर्यंत आला. गवतातून आल्यावर ताप आला तर डॉक्टरला आधी ‘जंगलात गेलो होतो’ हे सांगा, तेवढं एक वाक्य लोक विसरतात.

केळीवाला_रावेर
सर्वांना धन्यवाद, विशेष करून सर तुम्हाला. ताईला सगळं वाचून दाखवलं. तिच्या अंगणाच्या कडेला जुनी दगडाची भिंत आहे आणि तिला लागून लाकडाचा ढीग, म्हणे उंदीर तिथेच राहतात. म्हटलं हे तर आपल्या पऱ्हाट्यांच्या ढिगासारखं झालं, तिथे काठी घातली की चार पळतात. आता भाऊजी लाकडं लांब हलवणार आहेत आणि ती पायजमा मोज्यात खोचून बागेत जाते. नाना ऐकून घेतात पण एरंडीची बी खिशात घेऊन फिरतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. आई म्हणे एवढंच आहे तर मांजर पाळ म्हणा तिला.

गोठा_चोपडा
आईंना सांगा मांजर बाहेर हिंडून तीच गोचीड गादीवर आणून देईल 😄