ओटीजीचा खालचा रॉड स्वतः बदलला, आता नानकटाई पुढे लाल, मागे पांढरी

नानकटाईवाली (पुणे)

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, "मेकॅनिकला बोलवा" हा सल्ला नको. बोलावला होता. त्याने ओव्हनकडे दारातूनच बघितलं, "काकू, याचे पार्ट आता येत नाहीत, नवीन घ्या" म्हणाला आणि व्हिजिटचे तीनशे घेऊन गेला. स्क्रूड्रायव्हर पिशवीतून बाहेरही आला नाही.

ओव्हन म्हणजे ओटीजी, विजेच्या रॉडवर तापणारा घरगुती ओव्हन. ३५ लिटर, १५०० वॅट, अकरा वर्षांचा. वर दोन रॉड, खाली दोन. गेल्या महिन्यात खालचे दोन्ही रॉड एकदम थंड पडले, वरचे मात्र छान लाल. मला वाटलं दोन्ही जळाले. भाच्याकडे मल्टिमीटर आहे. त्याने प्लग काढून, उजव्या बाजूचा पत्रा उघडून एकेक रॉड तपासला. पुढचा रॉड "ओएल" दाखवत होता, म्हणजे वीज पार जातच नव्हती, रॉड आतून तुटलेला. मागच्यावर आकडा येत होता, म्हणजे तो शाबूत. भाचा म्हणाला, एकच बदल.

मग तो मेलेला रॉड वर्तमानपत्रात गुंडाळून तपकीर गल्लीत गेले. तिसऱ्या दुकानात मिळाला. दुकानदाराने जुना आणि नवा शेजारी धरले, लांबी जुळवली, "सेम टु सेम, ताई" म्हणाला. लांबी खरंच सेम होती. घरी येऊन मीच बसवला. पोर्सेलिनचे मणी जपून काढले, दोन टोकांच्या वायरी जशा होत्या तशा लावल्या, पत्रा बंद केला. एक स्क्रू उरला, तो कुठला ते अजून कळलेलं नाही. ओव्हन सुरू केला तर चारही रॉड तापले! मी त्या दिवशी घरात कोणाला चहासुद्धा करू दिला नाही, सगळ्यांना आधी ओव्हन बघायला लावला.

आनंद एका घाण्यापुरता टिकला. नानकटाईचा ट्रे बाहेर काढला तर पुढच्या दोन रांगा खालून नेहमीसारख्या बदामी, मागच्या दोन पांढऱ्या फटक. १८० वर वीस मिनिटांत होणारा घाणा आता बत्तीस मिनिटं घेतो. तेवढ्या वेळात तूप सुटून नानकटाई पसरते, चिरा पडतच नाहीत. चिरा नाहीत ती नानकटाई कसली? ट्रे मध्येच फिरवून बघितला, तर सगळ्याच मध्यम वाईट होतात.

दिवाळीला तीन आठवडे आहेत, चौदा किलोच्या ऑर्डरी घेऊन बसले आहे. आमच्या लहानपणी रवा-मैदा-तूप डब्यात भरून गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीवर नेऊन नानकटाई भाजून आणायचे. तशी बेकरी आता आमच्या भागात उरलेली नाही, नाहीतर हा धागा काढलाच नसता.

चूक कुठे झाली?

पिठूळ_हात (नाशिक)

थर्मोस्टॅट गेला असेल. माझा गेला होता तेव्हा असंच व्हायचं.

नानकटाईवाली

थर्मोस्टॅट पुढच्या आणि मागच्या रांगेत भेदभाव करेल का?

निवृत्त_वायरमन (चिंचवड)

ताई, नानकटाई राहू द्या बाजूला. आधी तो उरलेला स्क्रू. त्याच्याबरोबर दातेरी कडांचा वॉशर आहे का? आणि पत्रा उघडल्यावर हिरवी, किंवा हिरवी-पिवळी, वायर कुठे मोकळी लोंबतेय का ते बघा. तोवर ओव्हनचा प्लग लावू नका. गंमत नाही.

मीटर असेल तर प्लगची मोठी पिन आणि ओव्हनचा उघडा पत्रा, जिथे रंग नाही तिथे, यांच्यामध्ये ओहम मोजा. एकच्या आत आलं पाहिजे.

नानकटाईवाली

काका, हात कापतोय लिहिताना. दातेरी वॉशर आहे. हिरवी वायर पत्र्याच्या मागे मोकळी होती. मीटरवर ओएल. म्हणजे चार दिवस मी अर्थिंगशिवाय ओव्हन वापरत होते, आणि ओट्यावर पाणी सांडलेलं असताना!

आता बसवला तो स्क्रू. मीटर ०.५ दाखवतोय. त्यात नुसत्या वायरी एकमेकींना लावल्यावर ०.४ येतच होतं.

निवृत्त_वायरमन

उत्तम. आता नानकटाई.

खालचे दोन्ही रॉड एका वेळी मेले, पण प्रत्यक्षात एकच तुटला होता, हे तुम्ही लिहिलंत तेव्हाच अंदाज आला होता. तुमच्या ओव्हनमध्ये ते दोघे सिरीजमध्ये आहेत, जुन्या काळच्या दिव्यांच्या माळेसारखे. एक गेला की दुसराही बंद. प्रत्येक रॉडची एका बाजूची वायर काढा, २०० ओहमच्या रेंजवर दोन्ही वेगवेगळे मोजा आणि आकडे इथे टाका. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. हे मी छत्तीस वर्षं नोकरी करून शिकलो नाही, नातवाने शिकवलं.

नानकटाईवाली

मागचा जुना: ३५.४. पुढचा नवा: ६६.४. दोन्हींतून ०.४ वजा करायचं.

निवृत्त_वायरमन

सापडलं. दुकानदाराने लांबी बघितली, ओहम बघितले नाहीत. ६६ ओहम म्हणजे २३० व्होल्टवर एकट्याने चालणारा ८०० वॅटचा रॉड. तुमचा मूळ रॉड ३५ ओहमचा, म्हणजे ११५ व्होल्टवर चालणारा, ३७५ वॅटच्या आसपासचा. दोघांनी मिळून २३० वाटून घ्यायचे, अशी मूळ रचना.

हिशोब बघा. पूर्वी ३५ आणि ३५ मिळून ७० ओहम. २३० भागिले ७०, साधारण ३.३ अँपिअर. प्रत्येक रॉडवर ३७८ वॅट, खालून एकूण साडेसातशेच्या वर. आता ३५ आणि ६६ मिळून १०१ ओहम. करंट उतरला २.२८ वर. सिरीजमध्ये करंट दोघांत एकच असतो, त्यामुळे ज्याचे ओहम जास्त तो जास्त तापतो. नव्या पुढच्या रॉडवर ३४३ वॅट, जवळजवळ पूर्वीइतके, म्हणून पुढच्या रांगा बदामी. जुन्या मागच्या रॉडवर उरले १८२. निम्म्याहून कमी. एकूण ५२५. म्हणून बत्तीस मिनिटं.

भाच्याने मेलेला रॉड बरोबर ओळखला. फक्त जो जिवंत होता त्याचा आकडा कागदावर लिहून दुकानात न्यायला हवा होता. मेलेल्या रॉडवरून लांबी कळते, ओहम कळत नाहीत.

जुगाडू_भाऊ (छत्रपती संभाजीनगर)

एवढं कशाला? अजून एक ८०० चाच आणा आणि दोन्ही पॅरलल जोडा. नानकटाई दहा मिनिटांत.

निवृत्त_वायरमन

भाऊ, दहा मिनिटांत कोळसा. पॅरललमध्ये प्रत्येक रॉडला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात, खालून एकदम १६०० वॅट होतील, म्हणजे मूळच्या दुप्पट. वरचे साडेसातशे धरले तर २३५०, दहा अँपिअरच्या वर. हा ओव्हन १५०० वॅटचा आहे, आतल्या वायरी आणि वरचे-खालचे रॉड निवडायचा सिलेक्टरचा खटका साडेसहा अँपिअरच्या हिशोबाने घातलेला असणार. आधी खटक्याचे कॉन्टॅक्ट काळे पडतील, मग लग, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेले धातूचे तुकडे, जळतील.

आणि ८०० चे दोन सिरीजमध्ये घातले तर उलटं होईल. १३२ ओहम, जेमतेम ४०० वॅट. त्यात पाव वाळतील, भाजणार नाहीत.

ताई, ३५ ओहमची जोडी घ्या. एक नको, दोन्ही. जुना रॉडही अकरा वर्षांचा आहे. रेडीमेड नाही मिळाली तर भोसरी भागात मापाप्रमाणे हीटर बनवून देणारे छोटे वर्कशॉपवाले आहेत. त्यांना लांबी, जाडी, टोकाचा प्रकार आणि "११५ व्होल्ट, ३७५ वॅट" एवढं सांगा. रॉड हातात घेतल्याशिवाय आणि मीटर लावल्याशिवाय पैसे देऊ नका. वायर तुटली तर साधी पीव्हीसीची घालू नका, ग्लास फायबरच्या आवरणाची हीटप्रूफ घ्या. टोकांना लग पकडीने दाबून बसवा. डाग लावून जोडू नका, साधं सोल्डर १८३ अंशांना वितळतं आणि तुम्ही ओव्हन १८० वर लावता.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

काकांच्या अर्थिंगच्या मुद्द्याला माझी जोड. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमचा ओटीजी दोन दिवस पाण्याखाली होता. धुतला, पंधरा दिवस वाळवला, लावला तर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा खटका, ताडकन पडला. मला वाटलं वायरिंगमध्ये चिखल राहिला. पण चिखल नव्हता, रॉडमध्ये ओल होती. या रॉडच्या आत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर ठासलेली असते आणि ती टोकांकडून ओलावा ओढून घेते. पुराची गरज नाही, कोकणातल्या पावसाळ्यात तीन महिने ओव्हन न वापरता ठेवला तरी हे होऊ शकतं.

मी चारही रॉड काढून शेजारणीच्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर चार तास भाजले. ती अजून लोकांना सांगते, यांनी माझ्याकडे लोखंडाचे केक केले. दोन रॉड बरे झाले, दोन बदलावे लागले. तेव्हापासून नवा रॉड घेतला की टोक ते पत्रा मीटरच्या सगळ्यात वरच्या मेगओहमच्या रेंजवर मोजतो. तिथे आकडा आला तर करंट गळतोय, तो रॉड बसवत नाही.

एडिसनकर (न्यू जर्सी)

वाचून मजा आली. इथे आमचा ओव्हन गॅसचा, पण दुखणं याच घराण्यातलं. आतला इग्नायटर, म्हणजे तापून गॅस पेटवणारा भाग, छान लाल व्हायचा, गॅस पेटायचाच नाही. मी आठ दिवस व्हॉल्व्हला शिव्या घातल्या. मग कळलं की इग्नायटर आणि गॅसचा सेफ्टी व्हॉल्व्ह सिरीजमध्ये असतात. इग्नायटरमधून ठरावीक करंट गेला तरच व्हॉल्व्ह उघडतो. माझ्या चपट्या प्रकारच्या इग्नायटरला ३.२ ते ३.६ अँपिअर लागतात, क्लँप मीटरवर (वायरीभोवती पकडून करंट मोजतात तो) येत होते २.७. लाल दिसायला तेवढे पुरतात, व्हॉल्व्ह उघडायला नाही.

पार्ट मागवून बदलला, चाळीस मिनिटं लागली. त्यातली पंधरा मिनिटं ओव्हनखाली सापडलेली मुलाची लेगो गोळा करण्यात गेली. गॅसवाल्यांनी मात्र आधी गॅसचा कॉक आणि वीज दोन्ही बंद करायचं. आणि गॅसच्या पाइपचा सांधा सोडायचा असेल तर ते काम आपलं नाही. मी सांधा सोडला नव्हता.

नानकटाईवाली

मंडळी, रिपोर्ट देते.

वर्कशॉपवाल्याने आधी "बाई, दोनच? आम्ही पन्नासच्या खाली करत नाही" असं सुरू केलं. मी कागद काढला. लांबी ३४ सेंटिमीटर, ११५ व्होल्ट, ३७५ वॅट, ३५ ओहम. कागद वाचून विचारलं, "कोणी लिहून दिलं?" म्हटलं, चिंचवडच्या काकांनी. काय समजला कोण जाणे, पाचव्या दिवशी दोन रॉड तयार. मी त्याच्या टेबलावरच भाच्याचा मीटर काढला. ३५.१ आणि ३५.६. दोनशे चाळीस रुपयांना एक.

बसवताना एक लग हातात तुटून आला, काळा पडून पापडासारखा झाला होता. नवा दाबून बसवला. मग टोक ते पत्रा ओएल, अर्थिंग ०.५, आणि या खेपेला एकही स्क्रू उरला नाही. पहिल्यांदा रिकामाच चालवला, थोडा धूर आणि जळका वास आला, पंधरा मिनिटांत गेला.

नानकटाईवर प्रयोग करायचा धीर होईना, म्हणून जाळीवर ब्रेडच्या स्लाइस चिकटून चिकटून मांडल्या, पुढे तीन, मध्ये तीन, मागे तीन, आणि फक्त खालचे रॉड लावले. सात मिनिटांनी सगळ्या उलट्या करून बघितल्या. पुढची डावी किंचित फिकी, बाकी आठ एकसारख्या. ती फिकी बहुतेक दाराच्या बिजागरीमुळे, ते अकरा वर्षांत जरा कलंडलं आहे. त्याच्याकडे दिवाळीनंतर बघेन.

काल पहिले दोन किलो केले. वीस मिनिटं, एक घाणा एकवीस. चिरा पडल्या. काका, तुमच्यासाठी डबा ठेवला आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा, भाचा चिंचवडला कामाला जातो.

तपकीर गल्लीतला तो रॉड परत घेत नाहीत म्हणे, "वापरलेला माल". तेव्हा कोणाला २३० व्होल्ट, ८०० वॅट, ३४ सेंटिमीटरचा, चार दिवस चाललेला रॉड हवा असेल तर फुकट आहे. येऊन घेऊन जावा लागेल, दुपारी एक ते चार सोडून.