रेडिओलॉजी फर्स्ट इयर: रात्रीच्या ड्युटीआधी सीटी ब्रेनची तयारी कशी करावी?

नवशिका_रेडिओ:
सध्या पोस्टिंग एक्स-रे आणि सोनोग्राफीला आहे. चार महिन्यांनी रात्रीची ड्युटी लागेल आणि इमर्जन्सी सीटी ब्रेनचा प्राथमिक रिपोर्ट एकट्याने द्यावा लागेल. लॉगबुकात फक्त केसेसची संख्या भरायची असते, नेमकं काय यायला हवं ते कुठेच लिहिलेलं नाही. आतापासून काय करावं? एक्स-रे-सोनोग्राफीचा वेळ थोडा कमी करून सीटीला दिला तर चालेल का?

कन्सोलवाला:
संख्येने फार काही कळत नाही. सिनियरचा रिपोर्ट उघडून मग फिल्म बघितलेल्या पाचशे केसेस म्हणजे नुसतं वाचन. आधी स्वतःचा रिपोर्ट पूर्ण लिहायचा, मगच फायनल उघडायचा आणि फरक पडला तर त्याचा प्रकार नोंदवायचा: दिसलंच नाही, दिसलं पण अर्थ चुकला, की कळलं होतं पण लिहायचं राहिलं. तिन्हींवरचा इलाज वेगळा. पहिल्यासाठी बघण्याचा क्रम सुधारावा लागतो, दुसऱ्यासाठी पुस्तक उघडावं लागतं, तिसऱ्यासाठी टेम्प्लेट बदलावी लागते. दोन महिन्यांची वही चाळली की आपण कुठे घसरतो ते आपोआप दिसतं.

सीटी ब्रेनला सुरुवात स्काउटपासून (स्कॅनआधीचं एक्स-रेसारखं चित्र) करा. मानेचे वरचे मणके आणि जबडा बऱ्याचदा तिथेच सापडतात. मग ब्रेन विंडो (विंडो म्हणजे करड्या छटांत दाखवायचा घनतेचा पट्टा), रुंदी ८० आणि लेव्हल, म्हणजे पट्ट्याचा मध्य, ४०. त्यानंतर रुंदी २००च्या आसपास नेऊन कवटीच्या आतली कड फिरायची. पातळ सबड्युरल (मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखाली साचलेलं रक्त) ब्रेन विंडोत हाडाच्या पांढऱ्यात मिसळून जातं, ते इथे सुटं होतं. स्ट्रोकचा संशय असेल तर रुंदी ४०, लेव्हल ४०. ताजं रक्त साधारण ५० ते ७० हाउन्सफील्ड (सीटीतलं घनतेचं एकक) असतं, पण पेशंटला तीव्र ॲनिमिया असेल तर ते मेंदूइतकंच करडं दिसू शकतं.

हमखास सुटणाऱ्या जागा: टेंटोरियम (मोठ्या आणि लहान मेंदूमधला पडदा), इंटरपेडन्क्युलर सिस्टर्न (मेंदूच्या खोडासमोरची द्रवाची जागा), टेम्पोरल लोबचं टोक, फोरामेन मॅग्नम (कवटीच्या तळाचं मोठं छिद्र). ऑक्सिपिटल हॉर्नही (व्हेंट्रिकलचा मागचा भाग) बघा, कारण पेशंट उताणा असल्याने व्हेंट्रिकलमधलं (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीतलं) थोडंसं रक्त तिथेच साचतं. कोरोनल रिफॉर्मॅट (त्याच डेटातून बनवलेले उभे, कानापासून कानापर्यंतचे काप) न बघता रिपोर्ट सोडू नका. आणि एक मोठा ब्लीड सापडला की नजर सैल पडते. अर्धा क्रम बाकी असताना थांबायचं नाही.

प्रोब_आणि_जेल:
एक्स-रे-सोनोग्राफीचा वेळ कापू नका. रात्री सर्वांत जास्त येतात ते आयसीयूचे पोर्टेबल चेस्ट. एंडोट्रॅकियल ट्यूबचं (श्वासनलिकेतल्या नळीचं) टोक मान सरळ असताना कॅरिनाच्या (श्वासनलिका दोन फाट्यांत विभागते ती जागा) वर सुमारे ५ सेंमी हवं. हनुवटी छातीकडे झुकली की ते साधारण २ सेंमी खाली सरकतं, मान मागे गेली की तेवढंच वर. त्यामुळे मानेची स्थिती न बघता ‘ट्यूब खाली आहे’ लिहिणं धोक्याचं. उताण्या पेशंटमध्ये न्यूमोथोरॅक्सची (फुफ्फुसाबाहेर छातीत अडकलेली) हवा पुढे आणि खाली जमते. नुसते एपेक्स (फुफ्फुसांची वरची टोकं) बघून ‘नाही’ म्हणू नका, कॉस्टोफ्रेनिक कोन (बरगड्या आणि डायाफ्रॅममधला खालचा कोपरा) नेहमीपेक्षा खोल आणि काळा दिसतोय का ते बघा.

सोनोग्राफीत सेटिंगची चूक थेट निदानात उतरते. टॉर्शनसाठी (टेस्टिसला पीळ पडून रक्तपुरवठा थांबणं) डॉपलर लावताना पीआरएफ (पल्स पाठवण्याचा वेग) किंवा वॉल फिल्टर (मंद हालचाली गाळणारं सेटिंग) जास्त राहिला, तर मंद प्रवाह स्क्रीनवर उमटतच नाही आणि चांगला टेस्टिस मेलेला वाटतो. म्हणून आधी निरोगी बाजूला प्रोब ठेवायचा, तिथे प्रवाह नीट दिसेपर्यंत पीआरएफ, फिल्टर, गेन जुळवायचे आणि त्याच सेटिंगवर दुखऱ्या बाजूला यायचं. हे दिवसाच्या ओपीडीतच हातात बसतं.

नवशिका_रेडिओ:
धन्यवाद सर, मॅडम. सीटी ५ मिमीवर वाचायचा की पातळ स्लाइसवर? आणि फिजिक्स परीक्षेआधी एकदम केलं तर?

कन्सोलवाला:
दोन्हींवर. ५ मिमीला नॉइज कमी, म्हणून ग्रे-व्हाइटचा फरक तिथे बघा. एमसीएमधला (मेंदूची मधली मुख्य धमनी) दाट गठ्ठा जाड स्लाइसमध्ये सरासरीत विरून जातो, तो १ मिमीच्या आसपास शोधा. फ्रॅक्चरसाठी बोन कर्नलची सिरीज हवी (कर्नल म्हणजे चित्र तयार करतानाचा गणिती फिल्टर). सॉफ्ट कर्नलवर नुसती विंडो रुंद करून बारीक रेघ दिसत नाही.

फिजिक्स रोज मशीनपाशीच करा. डोस रिपोर्टमधला सीटीडीआय (सीटीच्या किरणोत्सर्गाचा आकडा) हा पेशंटचा डोस नसून १६ किंवा ३२ सेंमीच्या फँटमचा (चाचणीसाठीच्या प्लॅस्टिक नळकांड्याचा) असतो. लहान मुलाच्या पोटाचा आकडा ३२वर दिला असेल तर तो खऱ्यापेक्षा बराच कमी वाटतो. एवढं एक नीट कळलं तरी अर्धा व्हायवा सुटतो.

प्रोब_आणि_जेल:
सिलॅबसमध्ये एका ओळीत उरकलेली गोष्ट म्हणजे कॉन्ट्रास्ट रिॲक्शन. प्रौढात ॲनाफिलॅक्सिसला (जीवघेणी ॲलर्जिक प्रतिक्रिया) ॲड्रेनलिन १:१००० चं ०.५ मिलि, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ट्रेमध्ये अँप्युल कुठे आहे ते पहिल्या ड्युटीआधी स्वतः उघडून बघा. आणि गंभीर फाइंडिंग फोनवर सांगितलं की कोणाला आणि किती वाजता सांगितलं ते रिपोर्टमध्येच टाका, वेगळ्या कागदावर नको.