कापडी पिशव्या आहेत, पण ऐन वेळी हाताशी नसतात

प्रश्न : प्लॅस्टिकच्या पिशव्या सोडायच्या म्हणून मी आठ सुती पिशव्या घेतल्या, परंतु त्या खुंटीवरच लटकत राहतात आणि दुकानात गेल्यावर आठवण होऊन आणखी एक विकत घेतली जाते. आता चौदा झाल्या आहेत. ही सवय लावावी कशी, आणि यातून खरोखर काही साधते का?

उत्तर : चौदा पिशव्या हेच खरे दुखणे आहे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, हवामानावरील परिणामाच्या बाबतीत एकदाच वापरलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीशी बरोबरी साधण्यासाठी सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, कारण कापूस पिकवताना आणि कापड तयार करताना पाणी, खत व ऊर्जा बरीच खर्ची पडते. न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या (कापडासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या) पिशवीला ११ वेळा पुरतात. (प्लॅस्टिक कचरा शेकडो वर्षे टिकतो, हा हिशेब त्यात येत नाही.) त्यामुळे नवी पिशवी घेऊ नका, आहेत त्याच झिजवा.

उत्तर : सामान काढून होताच रिकामी पिशवी किल्ल्यांच्या शेजारी अडकवावी, खुंटी दाराआड असेल तर ती दिसणारच नाही.

उत्तर : पिशवी सहसा बंदाच्या शिवणीतच उसवते. तिथे चौकोनी, मध्ये फुली असलेली दुहेरी टीप घालून घ्यावी. कच्च्या मांसासाठी वेगळी पिशवी ठेवावी आणि ती प्रत्येक वेळी धुवावी.

प्रश्नकर्ता : खुंटी आजच हलवली. दोन बंद उसवलेलेच निघाले.