जपानी रिप्रो जीन्स: ४७ घेऊ, ५५ घेऊ की ६६? आणि फिटिंग नेमकं कशावरून ठरवायचं?

सिंहगडरोडवाला

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात ऑफिसच्या कामाने ओसाकाला चाललोय, मधला शनिवार-रविवार मोकळा आहे आणि त्यात एक जुन्या कटची सेल्व्हेज (विणलेल्या काठाच्या कापडाची) रिप्रो, म्हणजे जुन्या जीन्सची नक्कल असलेली जीन्स घ्यायचीच असं ठरवलंय. वेअरहाऊस, फुलकाऊंट, टीसीबी, रिझोल्यूट असे सगळे ब्रँड बघून झालेत, कापड आवडतं, तांब्याचे रिव्हेट आवडतात, सगळंच आवडतं, पण गाडी येऊन अडते ती फिटिंगवर. एवढे २५-३० हजार येन घालून आणलेली जीन्स कपाटात पडून राहायला नको.

मापं देतो. उंची पाच फूट सात, कंबर बेंबीपाशी ३३, सीट (कुल्ल्यांचा घेर) ४०, मांडी साडेचोवीस. सायकलिंग रेग्युलर आहे त्यामुळे मांड्या भरलेल्या. मॉलमधली कुठलीही जीन्स मांडीत बसली की कंबरेला मागे हात जाईल एवढी फट राहते, आणि कंबरेला बसली की मांडीतून वर चढत नाही, मग शेवटी स्ट्रेचवालीच घेतो.

प्रश्न असे: १) ४७, ५५ आणि ६६ (म्हणजे १९४७, ५५, ६६ सालच्या) या कटमध्ये माझ्या अंगाला काय बसेल, मला दिसायला ६६ सगळ्यात आवडते. २) रॉ (न धुतलेली) घ्यावी की वन वॉश (एकदा धुतलेली)? ३) लेबलवरचा साइज धरायचा की चार्ट? ४) पुण्यातल्या उन्हाळ्यात १४ औंसाचं (चौरस यार्डाला १४ औंस वजनाचं) कापड झेपतं का?

ओकायामातून

या या, नक्की या, मी इथेच जवळ राहतो आणि हा विषय निघाला की मला राहवत नाही.

आधी ही वर्षं काय आहेत ते बघा. लिव्हाइजची ५०१ वेगवेगळ्या काळात वेगवेगळी कापली जायची, त्या त्या वर्षाच्या जीन्सची नक्कल म्हणजे ४७ मॉडेल, ५५ मॉडेल वगैरे. ८०च्या दशकात जपानी लोक अमेरिकेतून जुन्या जीन्स शोधून आणायचे, त्याच्या आसपास अमेरिकन मिल्स रुंद, झटपट विणणाऱ्या मागांवर गेल्या होत्या आणि जुन्या शटल मागांचं अरुंद, काठवालं कापड तिकडे जवळजवळ बंद पडलं होतं. मग इथल्या लोकांनी ठरवलं की आपणच बनवू. स्टुडिओ दार्तिसान १९७९, मग देनिम (हे ब्रँडचं नाव), एव्हिसू, फुलकाऊंट, १९९५ला वेअरहाऊस, या ओसाकाच्या पाच जणांना ओसाका फाइव्ह म्हणतात. शिलाईचं गाव म्हणजे आमचं कोजिमा, पूर्वी शाळेचे युनिफॉर्म शिवणारं गाव, त्यामुळे जाड कापड शिवायची मशिनं आणि हात दोन्ही तयार होते, १९६५ला जपानी जीन्स इथेच शिवायला सुरुवात झाली, तेव्हा कापड अमेरिकेचंच असायचं.

आता तुमचं. ४७ म्हणजे युद्ध संपल्यानंतरचा कट, सरळ पाय, राइज (दोन पायांच्या जोडापासून कंबरेपर्यंतचं माप) उंच, आधीच्या ३७ वगैरेपेक्षा आटोपशीर. ५५ सगळ्यात ऐसपैस, सीट आणि मांडी मोठी, पाय सरळ खाली पडतो. ६६ सडपातळ, गुडघ्याखाली थोडी निमुळती, राइज जरा कमी. तुम्हाला ६६ आवडते कारण आजच्या डोळ्याला ती ओळखीची वाटते, पण ४० सीट आणि साडेचोवीस मांडीला ६६ कंबरेच्या मापात घेतलीत तर पुन्हा तेच मॉलचं दुखणं. माझ्या मते ५५ बघा, नाहीतर ४७ एक साइज वर.

आणि कंबर कुठे येते ते समजून घ्या!! या जीन्स बेंबीच्या जरा खाली, खऱ्या कंबरेवर घालायला कापलेल्या आहेत. साडेअकरा-बारा इंच राइजची जीन्स आजच्यासारखी कुल्ल्यांवर उतरवून घातली की मधे कापड लोंबतं, सीट खाली येते, पाय आखूड दिसतात, आणि मग माणूस म्हणतो कट वाईट आहे. कट चांगलाच असतो, घातलेली चुकीच्या जागी असते.

दुकानात चार्ट सेंटिमीटरमध्ये असतो आणि पुष्कळदा फक्त जपानीत, म्हणून हे लिहून घ्या: माताशिता म्हणजे आतली लांबी, मातागामी म्हणजे राइज, वातारी म्हणजे मांडीची रुंदी आणि सुसोहाबा म्हणजे खालचा बॉटम. वातारी आणि सुसोहाबा सपाट ठेवून मोजलेली असतात, म्हणजे दुप्पट करा. घालून बघायचं असेल तर "शिचाकु शितेमो ई देस का" एवढं म्हणा, आनंदाने देतात. ट्रायल रूममध्ये शिरताना बूट बाहेर काढायचे बरं का.

कोजिमाला यायचं तर शिन-ओसाकाहून शिंकान्सेनने ओकायामा, तिथून मरीन लायनर, अर्ध्या तासाच्या आत कोजिमा. टीसीबीचं दुकान इथे आहे, जीन्स स्ट्रीटवर मोमोतारो आणि बाकीचे. वेअरहाऊस, फुलकाऊंट तुम्हाला ओसाकातच मिळतील. पासपोर्ट खिशात ठेवा, पर्यटकाला १० टक्के टॅक्सचा फायदा मिळतो.

शिवणघर

मी एक्स्पोर्टच्या कारखान्यात पॅटर्न करते, ट्राउझर आणि जीन्सच जास्त, म्हणून कंबर-मांडीच्या त्या फटीबद्दल लिहिते कारण त्याचं कारण कापडातच आहे आणि ते कोणी सांगत नाही.

सेल्व्हेज जीन्सच्या बाहेरच्या शिवणीला कापडाचा काठ येतो, तो दिसावा म्हणून तर सगळा खटाटोप. आता काठ हा सरळ असतो, त्याला गोलाई देता येत नाही. साध्या पँटीला आपण कुल्ल्यापाशी बाहेरच्या बाजूने गोल कापतो आणि कंबरेला आत घेतो, इथे ते जवळजवळ करताच येत नाही, म्हणून सगळा आकार मागच्या शिवणीतून, योकमधून (मागे कंबरपट्टीखालचा आडवा तुकडा) आणि आतल्या शिवणीतून काढावा लागतो. त्यामुळे कंबर आणि सीट यात सात इंचांचा फरक असलेल्या माणसाला थोडी फट राहणारच, ती शून्य व्हावी अशी अपेक्षा धरू नका. बेल्ट लावून योकपाशी चुणी पडत नाही ना एवढं बघा.

ट्रायल रूममध्ये आरशात काय बघायचं तर चुण्यांची दिशा बघायची. पुढे झिपेच्या, म्हणजे इथे बटणांच्या दोन्ही बाजूंनी आडव्या ताणलेल्या रेघा दिसल्या तर सीट घट्ट आहे. पुढचे खिसे उघडून कानासारखे बाहेर आले तरी तेच. मागे सीटच्या खाली दोन-तीन आडव्या घड्या म्हणजे एकतर मागचा राइज तुम्हाला जास्त आहे किंवा तुम्ही जीन्स खाली घातलीय, आधी वर ओढून बघा, बऱ्याचदा तिथेच प्रश्न सुटतो. मग उकिडवे बसा. उभं राहून मस्त दिसणारी पण बसल्यावर पाठीमागून खाली ओढली जाणारी जीन्स घेऊ नका, कारण तिथे राइज कमी आहे आणि राइज कधीही वाढत नाही.

हे शेवटचं वाक्य नीट घ्या. डेनिम आडवं सैल होतं, उभं होत नाही. कंबर घालून घालून इंचभर सुटते, मांडी आणि सीट थोडी सुटते, पण राइज आणि लांबी धुण्यात आटली की आटली. म्हणून लोक जे सांगतात ना की घट्ट घ्या नंतर सैल होईल, ते कंबरेपुरतं ठीक आहे, राइजला आणि मांडीला लावू नका.

आणि घरच्या जीन्सशी माप जुळवणार असाल तर तुमच्या स्ट्रेचवाल्या जीन्सवरून मोजूच नका. त्यात २ टक्के इलॅस्टेन असलं तरी ती सपाट ठेवल्यावर जे माप दाखवते त्यापेक्षा अंगावर कितीतरी मोठी होते. सुती फॉर्मल पँट असेल, शिंप्याकडून शिवलेली असेल तर ती घ्या, बेल्टच्या दोन्ही कडा जुळवून टेबलावर पसरा, मांडी जोडावर मोजा, राइज जोडापासून बेल्टच्या वरपर्यंत. तुमच्या साडेचोवीस मांडीला धुतल्यानंतरची वातारी ३२-३३ सेंटिमीटर हवी, त्याहून कमी असेल तर कट कितीही आवडो, ठेवून द्या.

ग्रीन्सबरो_निवासी

मी राहतो त्या गावात कोन मिल्सची व्हाइट ओक मिल होती, लिव्हाइजला वर्षानुवर्षं डेनिम इथून जायचं, २०१७च्या डिसेंबरअखेर बंद झाली. जुन्या मागांवरचं अमेरिकन सेल्व्हेज मोठ्या प्रमाणात काढणारी ती शेवटची मिल म्हणायची, त्यामुळे हा विषय आमच्याकडे अजूनही मनाला लागतो.

वरच्या दोघांशी सहमत, फक्त ६६ला एवढं बाजूला टाकू नका. रिझोल्यूटची ७१० ही ६०च्या दशकातल्या कटवर बेतलेली आहे आणि त्यांची खासियत अशी की एकाच कंबरेत भरपूर लांब्या मिळतात, म्हणजे पाच सात उंचीला खालून कापायची गरज नाही. निमुळता पाय कापला की बॉटम रुंद होतो आणि कटचा आकारच बदलतो, ते इथे टळतं. मांडीसाठी कंबर एक साइज वर घ्या आणि बेल्ट लावा.

रॉ की वन वॉश याचं उत्तर मात्र अवघड नाही. यातल्या बऱ्याच जीन्सचं कापड अनसॅन्फोराइज्ड असतं, म्हणजे मिलमध्ये आधी आटवलेलं नसतं, पहिल्या धुण्यात ७ ते १० टक्के आटतं, ३४ची लांबी दोन-तीन इंच कमी होऊ शकते. दोन दिवसांच्या भेटीत आटण्याचा हिशेब लावत बसण्यापेक्षा वन वॉश घाला, जे आरशात दिसतं तेच घरी येईल. रॉच हवी असेल तरी घालून बघायला त्याच मॉडेलचा वन वॉश मागा.

सिंहगडरोडवाला

अरे वा, एवढं सगळं. शिवणघर ताई, रात्री घरातली शिंप्याकडची पँट काढून मोजली, वातारी साडेबत्तीस निघाली आणि राइज २९ सेंटिमीटर, आणि ही पँट मला खरंच मस्त बसते. म्हणजे आकडे हातात आले. त्यावर एका रिप्रो ब्रँडचा ६६चा चार्ट लावला तर कंबर ३४मध्ये वातारी ३१ आहे, ५५मध्ये ३३. वाईट वाटलं पण उत्तर दिसलं. आता ५५ घेतली तर कंबरेची फट तेवढी त्रास देईल का? आणि धुण्याचं काय, काही लोक सहा-सहा महिने धुवत नाहीत म्हणे.

शिवणघर

३३ वातारी म्हणजे ५५च. कंबर बेल्टने सावरेल. आणि फट फारच खुपत असेल तर ३७ मॉडेल घालून बघा, म्हणजे युद्धाच्या आधीचा कट, त्याला मागे कंबरपट्टीच्या खाली बक्कलची पट्टी असते, सिंच म्हणतात, ती ओढली की कंबर आत येते. युद्धात कापड-धातू वाचवायला ती काढून टाकली आणि नंतर परत आली नाही. तुमच्यासारख्या भरल्या मांडीच्या माणसाला तो कट फार चांगला बसतो, सीट मोठी, वर सगळी जागा. फक्त पट्टीच्या बक्कलला टोकं असतात, सायकलच्या आणि गाडीच्या सीटला ओरखडे पडतील. खुद्द लिव्हाइजने १९३७ला मागच्या खिशांचे रिव्हेट कापडाखाली झाकले ते खोगिरं आणि खुर्च्या खरवडल्या जातात या तक्रारींवरून.

शिंप्याकडे नेऊन कंबर मागून आत घ्यायचा विचार करू नका, खिसे एकमेकांजवळ सरकतात, चामड्याचा पॅच आणि मधला लूप काढावा लागतो, कारखान्यातही आम्हाला ते नीट जमवायला त्रास होतो.

ओकायामातून

धुण्याचं मी सांगतो. सहा महिने न धुणं हे थंड हवेतल्या लोकांना ठीक असेल, पुण्याच्या एप्रिलमध्ये आणि त्यात सायकल, घाम कापडात राहिला की धागा कुजतो, आणि रिप्रोमध्ये शिलाईचा दोराही बऱ्याचदा सुती असतो, आधी जोडाची शिवण जाते. घाण झाली की धुवा, उलटी करून, बटणं लावून, साध्या पाण्यात, कमी साबण, सावलीत वाळत. धुण्याच्या ब्रशने घासू नका आणि घरी मदतीला येणाऱ्या मावशींनाही आधी सांगून ठेवा, कारण एकदा ब्रश फिरला की नीळ पट्ट्यापट्ट्यांनी जाते.

औंसाचं म्हणाल तर १४ झेपेल पण १२-१३ मिळाली तर ती घ्या, जुन्या जीन्सही फार जाड नव्हत्याच, १६-१८-२१ औंस हे सगळं नंतरचं वेड.

पायाची शिवण धुतल्यावर थोडी पुढे फिरते, तो कापडाच्या विणीचा पीळ आहे, दोष समजून परत करायला जाऊ नका.

लांबी दुकानात लगेच कापून घेऊ नका असं मी म्हणेन, वन वॉश असली तरी पुढच्या दोन-तीन धुण्यात अजून थोडी आटते. पण खालची दुमड साखळी टाक्याने (चेनस्टिच) शिवणारी ती जुनी युनियन स्पेशल मशीन इथे दुकानात असते आणि पुण्यात शोधावी लागेल, म्हणून कापायचीच असेल तर "सुसोआगे" म्हणा, बूट घालून उभे राहा आणि हव्या लांबीपेक्षा इंचभर जास्त ठेवायला सांगा, तेवढं दुमडून घालता येतं. शनिवारी सकाळी निघणार असाल तर दुपारी मी कोजिमा स्टेशनवर येऊ शकतो, व्यनि करा.